बाहेरच्या कानाचे चार्ट आणि सात महिने वापरलेलं कोडिंग सॉफ्टवेअर

"मॅडम, कानात पू आहे, डॉक्टरांनी अँटिबायोटिकचे ड्रॉप्स दिलेत. मग हे नॉन-इन्फेक्टिव्ह कसं काय सुचवतंय?"

नवं सॉफ्टवेअर सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी टीममधल्या एका ज्युनियर मुलीने मला हे विचारलं. तिच्या स्क्रीनवर कोड होता एच६०.५०१, म्हणजे उजव्या कानाचा ॲक्यूट (अचानक उठलेला) नॉन-इन्फेक्टिव्ह (जंतुसंसर्ग नसलेला) ओटायटिस एक्स्टर्ना, म्हणजे बाहेरच्या कानाच्या नळीची सूज, प्रकार नमूद नाही. डॉक्टरांनी असेसमेंटमध्ये लिहिलं होतं, "ॲक्यूट ओटायटिस एक्स्टर्ना, उजवा कान." बस, एवढंच. मी तिला म्हटलं, "सॉफ्टवेअर चुकलेलं नाही. पण तुझी शंकाही बरोबर आहे." मग खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले आणि कपाटातलं जाडजूड छापील कोडबुक उघडलं. या सॉफ्टवेअरबद्दल मला जे सांगायचंय त्यातलं निम्मं त्या एका चार्टमध्येच आलं होतं.

आधी हे काय आहे ते सांगते. आमचं काम कोडिंगचं, म्हणजे डॉक्टरांच्या नोटवरून विम्याच्या क्लेमसाठी निदानाचे आणि प्रोसिजरचे कोड लावायचं. हे कोड सुचवणारं सॉफ्टवेअर आहे. डॉक्टरांची नोट त्यात आली की ते ती वाचतं आणि बाजूच्या पट्टीत निदानाचे आणि प्रोसिजरचे कोड मांडतं. आपण स्वीकारायचे, बदलायचे किंवा काढून टाकायचे. आमच्या टीमकडे अमेरिकेतल्या ईएनटी (कान-नाक-घसा) क्लिनिकांचे आउटपेशंट चार्ट असतात, म्हणजे निदानाला आयसीडी-१०-सीएम आणि प्रोसिजरला सीपीटी या तिथल्या कोडयाद्या. मी सात महिने रोज वापरलंय आणि टीमचं क्यूए करताना इतरांनी वापरलेलंही तपासलंय. सॉफ्टवेअरच्या कंपनीचं नाव देणार नाही. पुढे बऱ्याच तक्रारी आहेत आणि त्या एकाच टीमच्या अनुभवातून आलेल्या आहेत. शिवाय या जातीची सॉफ्टवेअर्स बरीच आहेत, आणि कानाच्या चार्टवर कोणतंही पारखायचं असेल तर मी जिथे बोट ठेवलंय तिथेच ठेवून पाहता येईल.

आता त्या पहिल्या चार्टकडे येते. आयसीडी-१०-सीएमच्या इंडेक्समध्ये ओटायटिस, मग एक्स्टर्ना, मग ॲक्यूट असं गेलं की ॲक्यूटच्या पुढे कंसात नॉन-इन्फेक्टिव्ह लिहिलेलं आहे. कंसातला शब्द नोटमध्ये असो वा नसो, कोड तोच लागतो: एच६०.५०- (शेवटची रेघ म्हणजे पुढचा आकडा अजून यायचा आहे). म्हणजे डॉक्टरांनी "ॲक्यूट" लिहून पुढे काहीच लिहिलं नाही, तर वर्गीकरण त्याला जंतुसंसर्ग नसलेला समजतं. दवाखान्यात मात्र चित्र उलटं असतं. कानाच्या नळीची अचानक उठलेली सूज बहुतेक वेळा बॅक्टेरियाचीच असते, त्यातही स्यूडोमोनास एरुजिनोसा आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस या दोघांचीच. डॉक्टरांच्या डोक्यात "ॲक्यूट ओटायटिस एक्स्टर्ना" म्हणजे संसर्ग हे इतकं पक्कं असतं की तो शब्द वेगळा लिहावा असं त्यांना वाटतच नाही. आणि तो एक शब्द नसला की क्लेमवर जाणारी गोष्ट आणि पेशंटच्या कानात घडलेली गोष्ट या दोन वेगळ्या होतात.

मग कोडरने काय करायचं? नोटच्या तपासणीच्या भागात पू लिहिलाय, नळी सुजलेली आहे, विक (औषध आत पोचवणारी पट्टी) घातलीय, सिप्रोफ्लॉक्सासिनचे ड्रॉप्स दिलेत. हे सगळं वाचून आपणच "इन्फेक्टिव्ह असणार" म्हणून एच६०.३९१ टाकायचा का? नाही टाकायचा. औषधावरून निदान ठरवणं हे कोडरचं काम नाही. डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी प्रश्न, पाठवायची. सॉफ्टवेअरची माझी सगळ्यात मोठी तक्रार इथेच आहे. ते एच६०.५०१ हिरव्या रंगात दाखवतं. हिरवा म्हणजे खात्रीचा, पुढे जा. ज्या मुलीला रोजचं टार्गेट गाठायचं आहे ती हिरवं दिसलं की पुढे जाते. इंडेक्सच्या दृष्टीने हिरवा बरोबरच आहे, पण त्याच नोटमध्ये अँटिबायोटिक आणि पू असे शब्द असताना पिवळा दिवा लागायला हवा होता. नोट वाचायची म्हणून तर हे सॉफ्टवेअर घेतलंय ना.

आम्ही सपोर्टला लिहिलं. त्यांनी सांगितलं की स्वतःचे नियम जोडता येतात. ही सोय खरंच चांगली निघाली. आम्ही नियम टाकला: एच६०.५०- सुचवला गेला आणि नोटमध्ये पू, स्राव, कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) किंवा कोणत्याही अँटिबायोटिक ड्रॉप्सचं नाव असेल, तर चार्ट थांबव आणि क्वेरीची खिडकी उघड. नियम लिहायला मला एक दुपार लागली. ज्यांच्याकडे कानाचे चार्ट येतात त्यांनी हा पहिल्याच दिवशी टाकावा.

क्वेरीच्या खिडकीबद्दल मात्र मी मनापासून चांगलं बोलेन. अख्ख्या सॉफ्टवेअरमधला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. जुन्या पद्धतीत मुली ईमेलवर लिहायच्या, "डॉक्टर, हे इन्फेक्टिव्ह आहे का? कृपया कन्फर्म करा." असं विचारणं म्हणजे उत्तर त्यांच्या तोंडात घालणं, आणि ऑडिटमध्ये असली क्वेरी टिकत नाही. या खिडकीत नोटमधलीच वाक्यं वर आपोआप येतात: नळीत सूज, पू, विक घातली, ड्रॉप्स सुरू. त्याखाली प्रश्न, "या निष्कर्षांच्या आधारे उजव्या कानाच्या ओटायटिस एक्स्टर्नाचा प्रकार अधिक स्पष्ट करता येईल का?" आणि त्याखाली पर्याय. संसर्गजन्य, डिफ्यूज (नळीभर पसरलेला). संसर्गजन्य, स्विमर्स इअर (पोहणाऱ्यांना होणारा). नॉन-इन्फेक्टिव्ह, म्हणजे काँटॅक्ट, केमिकल, एक्झिमॅटॉइड वगैरे. इतर, तुमच्या शब्दांत लिहा. सांगता येत नाही. पैशाचा किंवा कोडचा उल्लेख कुठेही नाही, आणि तो नसायलाच हवा. आमच्या एका क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी अशा चार-पाच क्वेरी आल्यावर स्वतःचं टेम्प्लेटच बदललं. आता ते लिहितात, "ॲक्यूट डिफ्यूज बॅक्टेरियल ओटायटिस एक्स्टर्ना, उजवा." कोड सरळ एच६०.३११. क्वेरी नाही, वाट बघणं नाही.

स्विमर्स इअरचं थोडं सांगायला हवं, कारण सॉफ्टवेअर तिथे उलट बाजूला घसरतं. हिस्टरीत कुठेही पोहण्याचा उल्लेख आला की ते एच६०.३३- सुचवतं. एका चार्टमध्ये आईने सांगितलं होतं की मुलगा गेल्या उन्हाळ्यात पोहायला शिकला. कान मात्र आत्ता, व्हिजिटच्या आठवड्यात दुखायला लागला होता. सॉफ्टवेअरला स्विमर्स इअर दिसला. डॉक्टरांनी निदानात तो शब्द लिहिल्याशिवाय तो कोड लागत नाही, मग मूल रोज तलावात का डुंबत असेना. सुदैवाने सुचवलेल्या कोडवर क्लिक केलं की नोटमधली जी ओळ बघून तो सुचवलाय ती रंगून दिसते. ही सोय मला फार आवडते. हिस्टरीतली ओळ रंगली की लगेच कळतं, इथे पुरावा निदानाचा नाही, गप्पांचा आहे. मी सगळ्यांना सवय लावलीय: कोणताही कोड स्वीकारण्याआधी ती रंगलेली ओळ बघायची.

आता बाजू. कान दोन आहेत, आणि आयसीडी-१०-सीएममध्ये एच६०चा जवळजवळ प्रत्येक कोड कोणता कान ते विचारतो. शेवटचा आकडा १ म्हणजे उजवा, २ डावा, ३ दोन्ही. अनस्पेसिफाइडला मात्र पाच अक्षरी कोडांत ० आणि सहा अक्षरी कोडांत ९. म्हणून एच६०.९० आणि एच६०.३१९, दोन्हींत कान सांगितलेला नाही. नवीन माणूस इथे गोंधळतो. एच६०.८ मध्ये तर पाचव्या जागी एक्स घालून मग बाजू येते, एच६०.८एक्स१. मी कोडिंगला लागले तेव्हा आयसीडी-९ होतं. बाहेरच्या कानाच्या संसर्गाला ३८०.१०, स्विमर्स इअरला ३८०.१२, आणि कोणता कान याला कोडमध्ये जागाच नव्हती. १ ऑक्टोबर २०१५ ला अमेरिकेत आयसीडी-१०-सीएम लागू झालं आणि रातोरात बाजू महत्त्वाची झाली. त्या आठवड्यातल्या क्वेरी मला अजून आठवतात. "कोणता कान?" एवढंच विचारणाऱ्या.

बाजूच्या बाबतीत सॉफ्टवेअर चोख आहे. अनस्पेसिफाइड कान निवडला तर पुढे जाऊ देत नाही, कारण विचारतं. आणि त्याहून चांगलं म्हणजे, डॉक्टरांनी बाजू लिहिली नसेल पण नर्सच्या नोटमध्ये असेल तर ती शोधून देतं. कोडिंगच्या अधिकृत गाइडलाइन्सप्रमाणे प्रोव्हायडरने (तपासणाऱ्या डॉक्टरांनी) बाजू लिहिली नसेल तर इतर क्लिनिशियनच्या नोंदीवरून ती घेता येते. दोन नोंदींत विसंगती असेल तर मात्र प्रोव्हायडरला विचारायचं. सॉफ्टवेअर विसंगतीही पकडतं. नर्सने "डावा कान दुखतो" लिहिलेलं आणि डॉक्टरांनी "उजवा" लिहिलेला चार्ट त्याने दोनदा आमच्यासमोर धरला. दोन्ही वेळा डॉक्टरांनी नोट दुरुस्त केली.

पण हे सगळं बाजू पूर्ण शब्दांत लिहिलेली असेल तेव्हा. कानाचे जुने डॉक्टर अजून लॅटिन संक्षेप वापरतात: एडी म्हणजे उजवा, एएस म्हणजे डावा, एयू म्हणजे दोन्ही. औषधांच्या सुरक्षिततेवर काम करणारे लोक हे संक्षेप टाळा म्हणून बरीच वर्षं सांगतायत, कारण ते डोळ्यांच्या ओडी, ओएस, ओयूसारखे दिसतात आणि कानाचं औषध डोळ्यात जाऊ शकतं. आमच्या सॉफ्टवेअरचा घोळ वेगळाच निघाला. ओई म्हणजे ओटायटिस एक्स्टर्ना. "ओई एएस" असं लिहिलं की एएस हा त्याला साधा इंग्रजी शब्द वाटायचा, "जसं" या अर्थाचा. तो शब्द ते सरळ टाकून द्यायचं आणि डावा कान हरवायचा. "ओई एडी" लिहिलं की एडीचा अर्थ ॲटोपिक डर्मटायटिस (एक प्रकारचा एक्झिमा) लावून एल२०.९ हा कोड जोडून द्यायचं. कानाच्या पेशंटला त्वचेचा एक आजार फुकट चिकटला. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी त्या क्लिनिकचे मागच्या दोन आठवड्यांचे सगळे चार्ट परत उघडून बघितले. असा चुकीचा कोड एकदा पेशंटच्या रेकॉर्डमध्ये गेला की पुढच्या व्हिजिटला तो जुना आजार म्हणून आपोआप समोर येतो. काढायला कोणाला सुचत नाही.

तीच गोष्ट मागची व्हिजिट पुढे ओढण्याची. फॉलोअपला सॉफ्टवेअर मागच्या वेळचा कोड आधी मांडून ठेवतं. मागच्या वेळी दोन्ही कान होते, एच६०.३१३. आज डॉक्टर लिहितात, उजवा पूर्ण बरा, डाव्यात अजून सूज आहे. आजचा कोड डाव्याचाच, एच६०.३१२, कारण उजव्यात आता आजारच उरलेला नाही. सॉफ्टवेअर मात्र ३१३ धरून बसतं. ही सोय आम्ही सेटिंगमधून बंद केली.

नुसतं "ओटायटिस" लिहिलेले चार्ट वेगळे बघा. इंडेक्समध्ये पुढे काही नसलेला ओटायटिस एच६६.९- कडे जातो, म्हणजे मधल्या कानाकडे. ट्रॅगस (कानाच्या तोंडाशी असलेला उंचवटा) दाबल्यावर दुखतंय, नळी सुजलीय, पडदा ठीक आहे, आणि असेसमेंटमध्ये डॉक्टरांनी घाईत फक्त "ओटायटिस, उजवा" टाइप केलंय. सॉफ्टवेअर एच६६.९१ देतं. इंडेक्सप्रमाणे ते खरं, तपासणीप्रमाणे खोटं. आम्ही यालाही थांबवणारा नियम लावला.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी हे सॉफ्टवेअर घेताना कोणालाही आधी सावध करेन, ती सांगते. मॅलिग्नंट ओटायटिस एक्स्टर्ना. नावात मॅलिग्नंट असलं तरी हा कॅन्सर नाही. कानाच्या नळीतला संसर्ग हाडात, कवटीच्या तळाशी पसरतो. बहुतेक वेळा वयस्कर मधुमेही माणसांत, आणि बहुतेक वेळा स्यूडोमोनासमुळे. मॅलिग्नंट हे नाव चँडलर या डॉक्टरांच्या १९६८ च्या लेखातून रुळलं. त्या काळी यातून फार माणसं दगावत होती. आता बरेच डॉक्टर नेक्रोटायझिंग म्हणतात. कोड एच६०.२-.

पहिली अडचण शोधपट्टीत. "मॅलिग्नंट एक्स्टर्नल इअर" टाइप केलं की यादीत सगळ्यात वर सी४४.२- येतं, बाहेरच्या कानाच्या त्वचेचा कॅन्सर. एच६०.२- दिसण्यासाठी खाली स्क्रोल करावं लागतं. घाईत असलेला, कानाचं काम नवीन असलेला माणूस वरचा कोड उचलू शकतो, आणि एका आजीबाईंच्या रेकॉर्डवर कॅन्सर लागू शकतो. विचार करूनच अंगावर काटा येतो.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. एका मधुमेही आजोबांच्या नोटमध्ये होतं: डावा कान, तीन आठवडे ड्रॉप्स घेऊनही वेदना कमी नाहीत, रात्री झोप लागत नाही, नळीच्या तळाशी ग्रॅन्युलेशन टिश्यू (लालसर मांसल वाढ). असेसमेंट: "ओटायटिस एक्स्टर्ना, डावा. रूल आउट मॅलिग्नंट ओटायटिस एक्स्टर्ना." प्लॅनमध्ये सीटी, ईएसआर (रक्ताची एक तपासणी), कल्चर. सॉफ्टवेअरने एच६०.२२ सुचवला. तोही हिरवा! "रूल आउट" (म्हणजे हा आजार नाही ना, ते तपासायचं आहे) हे दोन शब्द त्याने पाहिलेच नव्हते. आउटपेशंट कोडिंगचा नियम पक्का आहे: संशयित, संभाव्य, रूल आउट असं लिहिलेलं निदान कोड करायचं नाही. जे नक्की माहीत आहे तेच करायचं. त्या दिवशी नक्की होतं ते एवढंच की डाव्या कानात ओटायटिस एक्स्टर्ना आहे, एच६०.९२, आणि मधुमेह आहे. रुग्णालयात भरती असलेल्या पेशंटच्या डिस्चार्जला नियम वेगळा आहे. तिथे "प्रोबेबल" लिहिलेलंही खरं धरून कोड करता येतं. म्हणूनच दोन्हीकडचं काम करणारी माणसं इथे चुकतात, आणि सॉफ्टवेअरही बहुधा त्याच मिश्रणावर शिकलेलं असावं.

दहा दिवसांनी त्याच आजोबांची पुढची नोट आली. सीटीत हाडाची झीज, कल्चरमध्ये स्यूडोमोनास, निदान पक्कं. आता एच६०.२२, आणि जंतूसाठी जोडीला बी९६.५. मधुमेहाचा या संसर्गाशी संबंध डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलेला होता, म्हणून तो गुंतागुंतीसह, ई११.६९. लिहिलेला नसता तर तो संबंध कोडरने स्वतःहून जोडायचा नव्हता. आधीच्या व्हिजिटला हिरवा कोड तसाच गेला असता, तर निदान पक्कं होण्याच्या दहा दिवस आधीपासून तो माणूस कागदावर त्या आजाराचा पेशंट झाला असता. आणि सीटी साधी आली असती तर? रेकॉर्डमधून ते कोणी पुसलं असतं?

हे मी सपोर्टला स्क्रीनशॉटसह कळवलं. त्यांनी दोन महिन्यांनी दुरुस्ती पाठवली. आता रूल आउट, सस्पेक्टेड, प्रोबेबल हे शब्द आले की कोड लाल होतो. "व्हर्सेस" अजून निसटतं. "ओटायटिस एक्स्टर्ना व्हर्सेस फरंकल" लिहिलं, म्हणजे ही सूज आहे की नळीतली फोड ते ठरलेलं नाही, की दोन्ही कोड देतं.

बुरशीच्या चार्टवर मात्र मला सुखद धक्का बसला. ओटोमायकोसिस, म्हणजे कानातली बुरशी, हा कोडरला छळणारा भाग आहे, कारण तो एच६० मध्ये नाहीच. कॅन्डिडा असेल तर एकच कोड, बी३७.८४, आणि त्यात बाजूही नाही. ॲस्परजिलस असेल तर बी४४.८९. कोणती बुरशी ते न लिहिता नुसतं बुरशीचं म्हटलं तर बी३६.९ आधी आणि कानासाठी एच६२.४- त्याच्या मागे. एच६२.४- कधीच पहिला येत नाही, आधी मूळ आजार लिहावा लागतो. सॉफ्टवेअर हा क्रम आपोआप लावतं, उलटा केला तर अडवतं, आणि कॅन्डिडाच्या कोडसोबत एच६२.४- टाकायला गेलं तर एक्सक्लूड्स वनची, म्हणजे हे दोन कोड एकत्र लावायचे नाहीत अशी, टीप समोर धरतं. छापील पुस्तकात ही टीप शोधायला आम्हाला दोन पानं उलटावी लागायची. एक सांगते, बी३७.८४ मध्ये बाजू नाही म्हणून डॉक्टरांनी बाजू लिहिणं सोडू नये. नोटमध्ये ती हवीच, नाहीतर पुढच्या वेळी कोणत्या कानात बघायचं ते कळत नाही.

प्रोसिजरच्या कोडांत एक चूक वारंवार होते, आणि ती पैशाची चूक आहे. कानातून पू, सुटलेली कातडी किंवा बुरशीचा थर सक्शनने काढला की सॉफ्टवेअर ६९२१० सुचवतं. ६९२१० हा घट्ट बसलेला मळ उपकरणाने काढण्याचा कोड आहे. मळ, म्हणजे सेरुमेन. बुरशीचा थर हा मळ नाही, पू हा मळ नाही. मळ खरोखर होता, घट्ट बसला होता आणि उपकरणाने काढला असं लिहिलं असेल तरच ६९२१०, सोबत एच६१.२-. पाण्याने धुऊन काढला तर ६९२०९. ओटायटिस एक्स्टर्नात नळी साफ केली तर त्याला वेगळा कोड नाही, ते त्या व्हिजिटमध्येच धरलं जातं. विक घालण्यालाही वेगळा कोड नाही. मायक्रोस्कोपखाली तपासणी केली आणि ती स्वतंत्र निदानासाठी होती असं लिहिलं असेल तर ९२५०४ विचारात घेता येतो. नुसतं प्रकाशासाठी मायक्रोस्कोप लावला तर नाही. आमच्याकडे एका क्लिनिकने कधीकाळी सगळ्या ओटायटिस एक्स्टर्नाला ६९२१० लावायची सवय लावून घेतली होती, आणि सॉफ्टवेअर त्यांच्या जुन्या चार्टवरून ती सवय शिकलं. हे मला फार खटकलं. जुन्या चुका शिकून त्या नव्या चार्टवर हिरव्या रंगात दाखवणं बरोबर नाही. आम्ही त्या क्लिनिकची जुनी माहिती शिकण्यातून वगळायला लावली.

व्हिजिटची पातळी ठरवणारा कॅल्क्युलेटर ठीक आहे. साध्या ओटायटिस एक्स्टर्नाला तो ९९२१४ या वरच्या पातळीच्या कोडकडे ओढतो, कारण प्रिस्क्रिप्शनचे ड्रॉप्स म्हणजे मध्यम जोखीम. पण तीनपैकी दोन निकष लागतात, आणि एक साधा, गुंतागुंत नसलेला ॲक्यूट आजार ही खालच्या पातळीची समस्या आहे. त्यामुळे बहुतेक वेळा त्याच्या खालचा ९९२१३ च. हाताने तपासा.

डॉक्टरांसाठीचं टेम्प्लेट सॉफ्टवेअरसोबत आलं होतं, पण कानासाठी ते फार त्रोटक होतं. आम्ही आमच्या एका डॉक्टरांची नोट नमुना म्हणून घेतली आणि नवीन बनवलं. ती नोट मला जवळजवळ पाठ झालीय. डावा कान, काल सकाळपासून दुखतोय, खाज, कान भरल्यासारखा. ट्रॅगस दाबल्यावर दुखतो. नळी सगळीकडून सुजलेली, लाल, पांढरट पू. सक्शननंतर पडदा दिसला, अखंड, पडद्यात नळ्या बसवलेल्या नाहीत. कानाच्या पाळीवर सूज किंवा लाली नाही. मधुमेह नाही. विक घातली. निदान: ॲक्यूट डिफ्यूज बॅक्टेरियल ओटायटिस एक्स्टर्ना, डावा.

पडदा अखंड आहे हे एक वाक्य किती गोष्टी सांगतं बघा. पडद्याला भोक असेल तर काही अँटिबायोटिक ड्रॉप्स आतल्या कानाला अपाय करू शकतात, म्हणून औषध बदलतं. भोक असेल तर एच७२ चा वेगळा कोडही येतो. पाळीवर सूज नाही म्हटल्याने सेल्युलायटिस (त्वचेखाली पसरलेला संसर्ग), एच६०.१-, बाजूला झाला. "काल सकाळपासून" म्हटल्याने ॲक्यूट पक्का झाला. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा डॉक्टरांच्या अकादमीच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनेतली व्याख्या अशीच आहे: गेल्या तीन आठवड्यांत, साधारण ४८ तासांच्या आत उठलेला त्रास, सोबत नळीच्या सुजेची लक्षणं आणि खुणा. ही व्याख्या आम्ही टेम्प्लेटच्या वरच टाकली.

आमच्या कंपनीने मला सॉफ्टवेअरच्या रिन्यूअलबद्दल मत विचारलं तेव्हा मी हो म्हणून सांगितलं, तीन अटींवर. आमचे नियम अपडेटमध्ये पुसले जाणार नाहीत. हिरवा रंग कानाच्या चार्टसाठी बंद राहील. आणि १ ऑक्टोबरला दरवर्षी नवे कोड येतात तेव्हा त्या दिवसाचे चार्ट आधी छापील पुस्तकावर ताडून बघायला आम्हाला वेळ मिळेल. पहिल्या दोन अटी लेखी मिळाल्या. नव्या मुलींना मात्र पहिला महिना मी सॉफ्टवेअरशिवायच ठेवते, नुसतं पुस्तक आणि नोट.

गेल्या आठवड्यात अपडेट आलं तेव्हा मी आमच्या जुन्या तीन नोट्स पुन्हा त्यात घालून बघितल्या. "ओई एडी" आता बरोबर उजवा वाचतं. "ओई एयू" दोन्ही वाचतं. "ओई एएस" ओळीच्या मध्ये असेल तर वाचतं, ओळीच्या शेवटी असेल तर अजून हरवतं. तिकीट परत उघडलंय. एएस लिहिणाऱ्या त्या डॉक्टरांना मी तोवर एक छोटी चिठ्ठी पाठवली होती, आणि सोमवारपासून त्यांच्या नोटमध्ये "लेफ्ट" असा पूर्ण शब्द यायला लागलाय.